वाटीवर कोरलेलं नाव

वयाच्या चोविसाव्या वर्षी मी एका बारा दिवसांच्या बाळाच्या कानात भलतंच नाव सांगितलं. चुकून नव्हे. आदल्या रात्री आरशासमोर दोनदा सराव करून सांगितलं. याला मूर्खपणा म्हणायचं की आगाऊपणा, हे ठरवायला मला पन्नास वर्षं लागली. आता ठरलंय. दोन्ही.

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या सांगते. पाळण्यात वाकून कानाशी ‘कुर्रर्र’ करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात मागच्या बायका पाठीत धपाटे घालतात. एवढं एकच काम असतं आत्याला. नाव आधीच ठरलेलं असतं, ते आई-बापांनी ठरवलेलं असतं, आत्यानं फक्त पोचवायचं. पोस्टमननं पाकीट पोचवावं तसं. पण आमच्या पोस्टमन बाईंनी नुकतंच संस्कृत घेऊन एम. ए. केलं होतं. मुलींच्या शाळेत लागून सहा महिने झाले होते. तिला वाटायचं, पाकिटातला मजकूर सुधारून देणं हेही आपलंच काम.

त्या काळची ती मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा तिला दोन द्याव्याशा वाटतात. लांब शेपटा, खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत शब्दकोश. शब्दकोश! धायरीला बारशाला जाताना!

धायरी, कारण वहिनीचं माहेर तिथलं आणि पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा धायरी म्हणजे पुण्याबाहेरचं खरंच गाव होतं. बस फाट्यावर सोडायची आणि तिथून ज्वारीच्या कडेकडेनं चालत जायचं. वहिनीचे वडील गावातल्या शाळेचे मास्तर, निवृत्त झालेले. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परसात पेरूचं झाड. आम्ही चौघं गेलो होतो, मी, आई, वडील आणि दादा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बाळाचा बाप. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत चुकून पहिला नंबर आल्यासारखा भाव होता.

बाळाचं नाव ‘केशव’ ठेवायचं, असं वहिनीनं दादाला सांगितलं होतं. दादानं ते आम्हाला आठवडाभर आधी जेवताना सांगितलं. मी घास तोंडात तसाच ठेवून म्हटलं, “केशव? म्हणजे जन्मल्या जन्मल्या पोराला हेडक्लार्क करायचं?”

आई हसली. वडीलसुद्धा मिशीतल्या मिशीत. मग काय, मला चेव आला.

तेव्हा खरंच असं होतं. कुठल्याही कचेरीत जा, पोस्टात जा, चष्मा नाकावर घसरलेले एक केशवराव टेबलामागं बसलेले असायचेच. आमच्या गल्लीत तीन केशव होते आणि तिघांनाही नातवंडं होती. पाळण्यातल्या मुलाला ते नाव म्हणजे त्याला धोतर नेसवण्यासारखं वाटायचं. नवी नावं येत होती, दोन-तीन अक्षरांची, गुळगुळीत. त्यातलं एक मी मनात हेरून ठेवलं होतं. ते इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

धायरीला पोचल्यावर मी वहिनीच्या खोलीत गेले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डोक्याला फडकं बांधलेलं, मांडीवर बाळ, खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा वास. मी तिला म्हटलं, “वहिनी, केशवचा अर्थ माहीत आहे का तुला?”

“नाही वन्सं. तुम्ही सांगा ना.”

झालं. मी पिशवीतनं शब्दकोश काढला. आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. मी तिला सांगितलं की केशव म्हणजे ज्याचे केस सुंदर तो. आणि बाळाच्या टकलावरून बोट फिरवून विचारलं, “कुठं आहेत?” मग सांगितलं की केशी नावाच्या राक्षसाला मारणारा, असाही एक अर्थ लावतात. “धायरीत राक्षस आहे का कुणी?” मग सांगितलं की क म्हणजे ब्रह्मदेव, ईश म्हणजे शंकर, हे दोघंही ज्याच्या ठायी तो केशव, अशी एक ओढूनताणून केलेली फोड आहे. वर्गात शिकवतात तसं बोटांवर मोजत सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बाळाच्या दुपट्याचं टोक सारखं करत म्हणाली, “अर्थाचं मला नाही हो कळत. आमचे अण्णा पहाटे संध्येला बसतात. आचमन करताना पहिलं नाव तेच येतं. लहानपणापासून, जाग आली की घरातला पहिला शब्द तोच कानावर पडायचा. तो ऐकला की वाटायचं, आहेत सगळे. म्हणून.”

एवढं लांब वाक्य ती माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदा बोलली असेल.

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, “छान! मग पुढचा नारायण, त्याच्या पुढचा माधव. चोवीस नावं आहेत. दादाला सांगते, तयारीला लाग.”

ती हसली. सासरच्या माणसांच्या विनोदाला हसायचं असतं, तशी.

बारसं दुपारी झालं. पाळण्याला झेंडूची माळ, आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवला, मग बाळ. मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, काळा कोट घालून. जावयाच्या घरची मंडळी आली म्हणून कोट. भर दुपारी. मी पाळण्यावर वाकले. बायका मागं हात उगारून उभ्या. मी ‘कुर्रर्र’ केलं आणि कानात माझं नाव सांगितलं. माझं म्हणजे मी हेरलेलं. आणि कुणी विचारायच्या आत सरळ उभी राहून मोठ्यानं जाहीरही करून टाकलं.

धपाटे बसलेच नाहीत. हात तसेच वर.

मग शेजारची एक म्हातारी म्हणाली, “ग्वाड हाय की नाव!” आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दादा आधी गोंधळला, मग हसला. त्याचं आयुष्य तसंच गेलं, आधी गोंधळायचं, मग हसायचं. आमची आई म्हणाली, “आता आत्यानं सांगितलं कानात. झालं ते झालं.” वहिनीची आई बिचारी पुढं आली आणि हळूच म्हणाली, “दुसरं म्हणून ते पण सांगा ना कानात. केशव. दोन ठेवतात की.”

तेव्हा मी म्हणाले, “काकू, दोन नावं चोरांना असतात.”

हशा पिकला. सगळे हसले. माझी विनोदबुद्धी आमच्या घराण्यात नावाजलेली. वहिनी पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाळाकडे पाहत होती, ते आता कुणाचं झालं याचा अंदाज घेतल्यासारखी. हे ‘घेतल्यासारखी’ मी आता म्हणते. तेव्हा मी पेढे वाटत होते.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही पाहिली. मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून सराफाच्या गुलाबी कागदाची पुडी काढली होती. हातात धरून उठले होते. ते परत बसले आणि पुडी होती तिथं गेली. परतीच्या बसमध्ये मी आईला म्हटलं, “पाहिलंस का? सराफाचा कागद नुसता दाखवला आणि परत खिशात. धायरीकर!” आईला हसता हसता ठसका लागला.

मास्तर त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेले.

पुढची पंचेचाळीस-पन्नास वर्षं काय सांगू? सगळ्यांची जातात तशी गेली. माझं लग्न झालं, गावातच, म्हणजे शहरातच. मुलं, शाळा, निवृत्ती, कवळी. मी ठेवलेलं नाव इतकं चालायला लागलं की भाचा शाळेत गेला तेव्हा त्याच्या वर्गात त्या नावाचे पाच होते. बाई हजेरीला आडनावानं हाक मारायच्या. कॉलेजात मित्र त्याला आडनावाच्या अर्ध्या तुकड्यानं हाक मारायचे, ऑफिसात दोन इंग्रजी अक्षरांनी. एकमेव, नवं, कुणाचं नसलेलं म्हणून मी जे नाव निवडलं होतं, ते शेवटी कुणीच वापरलं नाही. म्हणून इथं लिहीत नाही. त्या नावाचे निम्मे पुणेकर उगाच वाईट वाटून घेतील.

आणि केशव? केशव परत आला! आमच्या बिल्डिंगमध्ये एक आहे, तीन वर्षांचा, लिफ्टची सगळी बटणं दाबतो. परवा माझ्या नातीच्या मैत्रिणीला मुलगा झाला, त्याचं नाव केशव. नात मला फोनमध्ये फोटो दाखवून म्हणते, “आजी, कसलं कूल नाव आहे ना! एकदम व्हिंटेज!” मी म्हटलं, हो. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

वहिनीनं मला पन्नास वर्षांत एक शब्द ऐकवला नाही. सणावारी गेले की पहिलं पान मला. “वन्सं, अजून एक घ्या. वन्सं, दमलात, पडा जरा.” तिनं मुलाला कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. ‘बाळ’ म्हणायची. तो मॅट्रिक झाला, बाळ. नोकरीला लागला, बाळ. एकदा मी म्हटलंही, “वहिनी, पोराला मिशा फुटल्या, अजून बाळ काय?” ती म्हणाली, “तोंडाला सवय.” मला वाटलं, लाड. मी चौतीस वर्षं मुलींना वाक्यांचा अर्थ शिकवला.

दादा गेला त्याला सहा वर्षं झाली. वहिनी भाच्याकडे राहते. आणि भाच्यानं फ्लॅट घेतला तो धायरीतच. ज्वारीबिवारी गेली, आता तिथं बारा मजले आहेत आणि खाली टँकरची वाट पाहणारी माणसं. तीन वर्षांपूर्वी वहिनीला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग वार, मग माणसं. चढत्या क्रमानं. मला ती गेल्या वर्षी विसरली. मी म्हटलं, “वहिनी, मी,” तर म्हणाली, “बसा ना. चहा घेणार?” फार अदबीनं.

गेल्या भाद्रपदात भाच्याचा फोन आला. “आत्या, एक विचारू? खरं सांगशील?”

“आता खोटं बोलायला दम पुरत नाही. विचार.”

“केशव कोण?”

तो म्हणाला, “आई महिनाभर मला केशव म्हणतेय. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. पण नाही. माझ्याकडे बघून म्हणते. केशव, जेवलास का. मी सांगतो, आई, केशव नाही गं, मी आहे. तर ती रडायला लागते.” मग थांबून म्हणाला, “आणि काल तिच्या कपाटात साड्यांच्या खाली एक चांदीची वाटी सापडली. गुलाबी कागदात. त्याच्यावर कोरलंय, चि. केशव.”

मला तो काळा कोट दिसला.

“आत्या,” तो म्हणाला, “माझ्याआधी कुणी होतं का? म्हणजे... गेलेलं? मला कधी कुणी सांगितलं नाही असं? आता बाबा नाहीत. विचारायला तूच आहेस.”

हा माझ्या आयुष्यातला दुसरा क्षण, जिथं मला फक्त ठरलेलं नाव पोचवायचं होतं. एक वाक्य होतं. ‘अरे, तो तूच.’ पण त्याच्यामागून पुढचं सगळं आलं असतं, शब्दकोश, टक्कल, चोर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एकच इस्टेट उरते, भाचरांमध्ये आत्या मजेशीर म्हणून असलेला लौकिक. ती मला सोडवेना. मी म्हटलं, “मला काही माहीत नाही बाबा. तेव्हा मी शाळेत असायचे सारखी.”

यात खोटं किती आणि खरं किती, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्यानं आपल्या मनानं अर्थ लावला. शांतपणे म्हणाला, “म्हणजे होतं.”

आणि मी गप्प बसले. नाही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. आडवे चार.

दहा दिवस गेले. या दहा दिवसांत मी त्याला फोन केला नाही. दर रविवारी करते. पितृपक्ष सुरू झाला. दादाची तिथी गुरुवारी होती. मंगळवारी भाच्याचा फोन आला, आवाज बसलेला.

“आत्या, गुरुवारी येतेयस ना? गुरुजी अकराला येतील. मी त्यांना विचारलं केशवबद्दल. ते म्हणाले, इतक्या लहान बाळाचं श्राद्ध नसतं. पण मनात असेल तर तर्पणाला नाव घ्या, ओंजळभर पाणी सोडा. म्हटलं, सोडतो. पन्नास वर्षं झाली असतील गं, कुणी विचारलं नाही त्याला.”

मी म्हटलं, “बरं.”

बरं! दुसरा शब्द सुचला नाही. फोन ठेवून मी पलंगावर बसले. माझ्या दादाचा मुलगा, धडधाकट, रक्तदाबाची गोळी घेणारा, कर्जाचे हप्ते भरणारा, गुरुवारी सकाळी अकरा वाजता स्वतःच्याच नावानं काळे तीळ आणि पाणी सोडणार होता. आणि मी पाटावर बसून ते बघणार होते. चोवीस वर्षांच्या त्या बाईला मी इतकी वर्षं हसत आले, पण तिनं निदान मोठ्यानं, चारचौघांत केलं होतं. ही म्हातारी घरात बसून मुकाट्यानं करत होती. कोण जास्त वाईट, हे ठरवायला आणखी पन्नास वर्षं मिळणार नव्हती.

बुधवारी सकाळी रिक्षा केली. सिंहगड रस्त्याला गर्दी, रिक्षावाला म्हणाला, “आजी, पुलावरून घेऊ का खालून?” म्हटलं, “जिथून उशीर लागेल तिथून घे.” त्यानं वळून पाहिलं. मग पुलावरून घेतली. दहा मिनिटांत धायरी. नको तेव्हा रस्ते मोकळे असतात.

भाचा घरूनच काम करतो. कानाला ते यंत्र लावून कुणाला तरी “येस, येस, शुअर” म्हणत होता. मला हातानं बस म्हणाला. बायको त्याची कामावर गेलेली. वहिनीला सांभाळायला येणाऱ्या ताई आत तिला भरवत होत्या. जेवणाच्या टेबलावर, पळी-पंचपात्राशेजारी ती वाटी होती. त्यानं दंतमंजन लावून लख्ख घासली होती. एवढीशी, माझ्या तळहातात मावेल अशी. अक्षरं बारीक होती, पण सराफानं ‘व’चा गोल चांगला काढला होता.

तो मीटिंग संपवून आला, समोर बसला. “उद्या यात दूध ठेवतो त्याला,” म्हणाला. “चालेल ना?”

“नको ठेवूस.”

“का? चालत नाही का असं?”

“त्याला दूध पचत नाही. लहानपणापासून पोट बिघडतं त्याचं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. दुधानं पोट कुणाचं बिघडतं, हे त्याला माहीत होतं. आत्याची थट्टा करायची सवय मरता मरेना. मग मात्र मी सरळ बोलले. “अरे, केशव तू आहेस. दुसरं कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. तुझं नाव ते ठेवायचं होतं, आणि मी बारशात दुसरंच सांगितलं.”

सगळं सांगितलं मग. शब्दकोशासकट. पहाटेचा पहिला शब्द, तोसुद्धा. आणि चोरांना दोन नावं असतात तेही, कारण ते वगळलं असतं तर बाकी सांगण्यात अर्थ नव्हता. पुडीचं मी वाटीकडे बोट करून सांगितलं.

त्यानं पंचपात्रातली पळी उचलून परत आत ठेवली. मग नाकातून हसल्यासारखा आवाज काढला.

“म्हणजे उद्या मी माझंच तर्पण करणार होतो.”

“हो.”

“आणि तू येऊन जेवणार होतीस. वडे, खीर.”

“हो.”

“आत्या, बारशाचं जाऊ दे. तेव्हा तू गाढव होतीस.” माझ्या भाच्यानं मला पहिल्यांदाच असं काही म्हटलं, आणि ते अगदी योग्य ठिकाणी बसलं. “पण परवा मी विचारलं तेव्हा? दहा दिवस झाले. दहा दिवस मी आईजवळ जाऊन बसलो नाही. मला वाटत होतं, ती त्याची वाट बघतेय आणि मी मध्ये मध्ये येतोय. ती हाक मारायची आणि मी ताईंना सांगायचो, तुम्ही बघा.”

यावर मला विनोद सुचला नाही. अजून नाही.

थोड्या वेळानं तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, “लहानपणी अंघोळ घालताना ती केशव, केशव म्हणायची. डोक्यावर पाणी ओतताना. मला वाटायचं, देवाचं म्हणतेय.”

तेवढ्यात आतून हाक आली. वहिनीचा आवाज आता फार बारीक झालाय, कागद फाटल्यासारखा. “केशव... अरे केशव...”

तो उठला. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. “ओ,” म्हणाला, “आलो.”

मी जागची हलले नाही. आतलं ऐकू येत होतं. “कुठं होतास?” “इथंच होतो आई.” “जेवलास का?” “जेवतो आता.” “बरं.” मग ताई बाहेर आल्या आणि उगाच गॅलरीतले कपडे काढायला गेल्या.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता त्यानं कानाला यंत्र लावलं, कारण पुन्हा कुणाला तरी ‘येस’ म्हणायची वेळ झाली होती. जाता जाता म्हणाला, “तिलाही सांग. तिला नाही कळणार. तरी सांग.”

मी आत गेले. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसली होती, खिडकीकडे तोंड. खिडकीत समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं कुणाचं तरी पांघरूण. तिचे केस पांढरेशुभ्र, कुणी तरी छान वेणी घातलेली. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

“या. बसा. चहा घेणार?”

“नको वहिनी.” मी तिच्याजवळ बसले, हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण ओळखीच्या माणसाचा धरावा तसा धरलाही नाही. म्हटलं, “माझं चुकलं. बारशात. फार चुकलं.”

ती माझ्याकडे सहानुभूतीनं बघत राहिली. बस-स्टॉपवर अनोळखी बाई रडायला लागली तर आपण बघतो, तसं. ‘पाणी आणू का?’ असं विचारील असं वाटलं. तिला काय चुकलं, कुठलं बारसं, काही पोचत नव्हतं. पन्नास वर्षं उशिरा आलेलं पाकीट, आणि घरात घ्यायला कुणी नाही.

शेवटी काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, “तुमच्या मुलाचं नाव केशव ना?”

तिच्या चेहऱ्यावर एकदम ओळख आली. माझी नव्हे. त्या नावाची. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाला धरून मला जवळ ओढलं, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “हो. पण हळू बोला हं. आमच्या वन्सं घरात असतील, त्यांना नाही आवडत ते नाव. त्या गेल्या ना, की मग मारा हाक.”